परगावी गेलेली प्रत

मागच्या अंकात मूकपटांच्या काळातल्या भयपटांवर लिहिताना, त्यांतले बरेचसे आज जगात कुठेही शिल्लक नाहीत, असं एक वाक्य ओघात लिहून गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न (सांगली) : लॉन चेनीचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' मी यूट्यूबवर स्वतः पाहिला. चांगला पाऊण तासाचा आहे. मग तो हरवला असं तुम्ही कसं लिहिता?

तुम्ही पाहिलीत ती फोटोंची जुळणी. चित्रीकरणाच्या वेळी सेटवर काढलेले भरपूर फोटो मागे उरले होते, पटकथेचे कागद होते. त्यांच्या आधारे २००२ साली टर्नर क्लासिक मूव्हीज या अमेरिकी वाहिनीसाठी रिक श्मिडलिन यांनी ही आवृत्ती तयार केली. कॅमेरा फोटोवरून हळूहळू सरकतो, मधे संवादांच्या पाट्या येतात, मागे संगीत वाजतं, त्यामुळे पिक्चर बघितल्यासारखं वाटतं. पुन्हा नीट बघा, माणूस एकदाही पाऊल उचलत नाही.

खरा चित्रपट दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगनं एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीसाठी केला आणि तो डिसेंबर १९२७ मध्ये लागला. त्याची शेवटची माहीत असलेली प्रत एमजीएमच्या कल्व्हर सिटीतल्या कोठारात होती. १९६५ मध्ये त्या कोठाराला आग लागली आणि प्रत गेली. 'सापडला, सापडला' अशी आवई दर काही वर्षांनी उठते, आजवर एकदाही खरी ठरलेली नाही.

यातला मुख्य नट चेनी, त्याचे आईवडील दोघंही मूकबधिर होते. घरात बोलायचं ते हातांनी आणि चेहऱ्यानं, लहानपणापासून. मूकपटाला याहून चांगली शाळा कुठली? रंगभूषाही तो स्वतःच करायचा. या चित्रपटातला त्याचा तो फोटो पाहा : उंच टोपी, करवतीसारखे दात, ताणून वटारलेले डोळे. या एका मुद्रेवर चित्रपटाची सगळी कीर्ती उभी आहे. २०१४ साली त्याचं एक पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला गेलं!

तरीही माझं मत सांगते. ज्या मोजक्या अभ्यासकांनी १९५० च्या दशकात तो पडद्यावर पाहिला होता, त्यांना तो बेताचाच वाटला होता. कथेत खरा व्हॅम्पायर नाहीच, खुन्याला पकडायला पोलिस अधिकाऱ्यानं रचलेला तो बनाव असतो. मला जास्त हळहळ वाटते ती ज्यांचा असा एकही गाजलेला फोटो नाही त्यांची. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊनं १९२० मध्ये जेकिल आणि हाइडच्या गोष्टीवर 'डेर यानुसकोप्फ' केला, मुख्य भूमिकेत कॉन्राड फाइट. गेला. हंगेरीत १९२१ मध्ये ड्रॅक्युलाच्या नावानं एक चित्रपट झाला, मुर्नाऊच्याच 'नोस्फेराटू'च्याही आधी. तोही गेला. माणसं हरवलेल्यातही प्रसिद्ध तेवढ्यांनाच शोधतात, याचा मला खरोखर त्रास होतो.

आता याच चेनीची, याच ब्राउनिंगची, याच कंपनीची आणि याच वर्षीची दुसरी गोष्ट. 'द अननोन', म्हणजे 'अज्ञात'. यात चेनी सर्कशीत पायांनी सुऱ्या फेकणारा, हात नसलेला माणूस होतो, समोर तरुण जोन क्रॉफर्ड. हाही बरीच वर्षं नीट स्वरूपात मिळत नव्हता. अखेर १९६८ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयात प्रत निघाली. ती लवकर हाती का लागली नाही, याचं कारण तिथलेच लोक सांगत : ओळख न पटलेल्या चित्रपटांच्या डब्यांवर 'अज्ञात' असंच लिहिलेलं असे, आणि त्या ढिगात हा खराखुरा 'अज्ञात' बसून होता. एक चित्रपट कंपनीच्या घरात राहिला आणि जळाला, दुसरा परगावी जाऊन पडला आणि वाचला. ही गोष्ट पुढच्या उत्तरांतही येत राहील.

प्रश्न (नाशिक) : 'नोस्फेराटू' नष्ट करा, असा कोर्टाचा हुकूम होता म्हणतात. मग आपण आज तो बघतो कसा? आणि त्यातलं भूत भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून रस्त्यानं जातं, हे कसं काय?

दोन्ही प्रश्न फार आवडले, विशेषतः दुसरा.

'नोस्फेराटू' ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो उचलला होता. काउंटचं नाव ऑर्लोक केलं, इतर पात्रांची नावं बदलली, पण हक्क घेतलेच नव्हते. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स विधवा होत्या आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नावर त्यांची भिस्त होती. त्यांनी दावा लावला. तोवर चित्रपट काढणारी प्राना फिल्म ही कंपनी दिवाळ्यात निघाली होती, पैसे मिळण्याची आशा नव्हती, तेव्हा त्यांनी चित्रपटच नष्ट करण्याची मागणी धरली आणि १९२५ मध्ये जर्मन कोर्टानं ती मान्य केली. फ्लॉरेन्सबाईंना खलनायिका ठरवणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. नवऱ्याच्या पुस्तकावर कुणी न विचारता पिक्चर काढला तर कुठलीही बाई भांडेल, आणि तिनं भांडावंच.

हुकूम निघाला तेव्हा प्रती जर्मनीबाहेर गेल्या होत्या. फ्रान्समध्ये गेलेली, तिथल्या पाट्या जोडलेली एक रंगीत प्रत सिनेमातेकमध्ये राहिली, आणि आजच्या चांगल्या आवृत्तीचा मोठा आधार तीच आहे.

'रंगीत' म्हटलं, त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या काळच्या फिल्मवर रात्रीच्या अंधारात बाहेर चित्रीकरण करणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी घेत आणि प्रदर्शनाच्या प्रतीचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवून काढत. दिव्याच्या उजेडातला खोलीतला प्रसंग पिवळसर, पहाट गुलाबी. प्रेक्षकाला निळा दिसला की रात्र आहे हे आपोआप कळायचं. पुढे या प्रतींवरून काळ्यापांढऱ्या फिल्मवर नकला काढल्या गेल्या, रंग गेले आणि रात्रीची दुपार झाली. वर्षानुवर्षं फिल्म सोसायट्यांमधून, नंतर व्हिडिओ कॅसेटवर हीच दुपार दाखवली गेली.

यातलं खरं नुकसान शेवटच्या प्रसंगात आहे. सूर्याचा पहिला किरण पडताच ऑर्लोक विरून जातो. (उन्हानं व्हॅम्पायर मरतो ही कल्पना या चित्रपटानंच रूढ केली. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो.) मघाशीच तो उन्हातून चालत गेलेला दिसला असेल तर या मरणाला अर्थ काय उरला? चित्रपट पूर्ण वाचला, एकही फ्रेम कमी नाही, पण रंग गेला तर गोष्टच मोडते. ऑर्लोकची घोडागाडी जंगलातून जाते ती काही क्षणांची जागाही थांबवून बघा. तिथे मुर्नाऊनं सरळ निगेटिव्हच दाखवली आहे : झाडं पांढरीफटक, आकाश काळं.

वेगाचंही तसंच. मूकपट हातानं दांडा फिरवून घेतलेले, सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं. बोलपटाच्या २४ च्या वेगावर तेच चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि भयपट हास्यपट होतो. जुने भयपट बघून मुलं हसतात, त्यात मुलांची चूक नाही.

प्रश्न (लातूर) : ताई, मी अकरावीत आहे. फिल्म इतकी पेटते कशी? पेट्रोल लावलेलं असतं का? आणि जळत होती तर लोकांनी आधीच कॉपी का नाही काढून ठेवली?

पेट्रोल नाही रे, फिल्मची पट्टीच तशी असते. कापसापासून मिळणाऱ्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की सेल्युलोज नायट्रेट तयार होतं. याचंच अधिक तीव्र रूप म्हणजे तोफा-बंदुकांत वापरायचं गनकॉटन. जळताना ते स्वतःतूनच प्राणवायू सोडतं, म्हणून वाळू टाकून, पाणी टाकून विझत नाही, पाण्याखालीसुद्धा जळत राहतं. १९५० च्या आसपास कोडॅकनं ही फिल्म बनवणं थांबवलं आणि सगळीकडे 'सेफ्टी' फिल्म आली. जुन्या थिएटरमध्ये ऑपरेटरची केबिन लोखंडी दारं आणि झडपा लावून बांधलेली असायची ती याचसाठी.

आग लागली नाही तरी नायट्रेट हळूहळू सडतं. मी मुंबईत एका लॅबमध्ये निगेटिव्ह कटिंग करायचे, पुढे जुनी रिळं तपासण्याचं काम केलं. तेव्हा असा एक डबा उघडलेला पाहिला आहे. वरचे वेढे काकवीसारखे चिकट, फुगे आलेले, वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. कडेला तपकिरी भुकटी. मधल्या भागात मात्र वेढे सुटत होते. मोजे घातलेल्या हातानं मी पट्टी दिव्यासमोर धरली तर एका बाईचा चेहरा स्वच्छ दिसला, कपाळावरची चंद्रकोरसुद्धा. पुढच्या वीतभर अंतरावर तोच चेहरा विरघळलेला, आणि त्यापुढे नुसता डाग. कोण बाई, कुठला चित्रपट, डब्यावर काहीच नव्हतं. असं बघितलं की माणूस डब्यावर नाव लिहायला कधी विसरत नाही.

आता कॉपी का नाही काढली? कारण १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटाला कुणी दमडी देईना. जागा अडते, विम्याचा खर्च, आगीची धास्ती. शिवाय फिल्मवरच्या थरात चांदी असते. रिळं धुऊन चांदी काढून विकली की तेवढे तरी पैसे सुटत. युनिव्हर्सल कंपनीनं १९४८ मध्ये आपल्याकडचे उरलेसुरले मूकपट स्वतःहून नष्ट केले. त्यामुळे चेनीचा 'फँटम ऑफ द ऑपेरा' १९२५ मध्ये लोकांनी जसा पाहिला, तसा आज फक्त घरगुती वापराच्या १६ मिलिमीटर प्रतींत मिळतो. फॉक्स कंपनीच्या मूकपटांच्या निगेटिव्ह १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या आगीत गेल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये हिशेब मांडला : १९१२ ते १९२९ या काळात तिथे सुमारे १०,९०० मोठे मूकपट निघाले, त्यांपैकी मूळ रूपात पूर्ण शिल्लक फक्त १४ टक्के.

जे वाचलं ते पुष्कळदा दूर कुठेतरी. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसनं १८९६ मध्ये सैतानाच्या वाड्यावर तीन मिनिटांचा चित्रपट केला, जगातला पहिला भयपट म्हणतात तो. मेलिएसनं स्वतःच्या निगेटिव्ह १९२३ मध्ये वैतागून जाळल्या. हा तुकडा १९८८ मध्ये सापडला तो न्यूझीलंडमध्ये! एडिसन कंपनीचा १९१० चा 'फ्रँकनस्टाइन' विस्कॉन्सिनमधल्या एका संग्राहकाकडे होता. त्यात राक्षस जन्मतो तो प्रसंग बघ : कढईतून हाडं, मांस, कातडं चढत जातं. बाहुलं जाळून ती फिल्म उलटी फिरवली आहे, बस एवढंच. आजही अंगावर काटा येतो. तुझ्या मोबाइलवर तू हे करून बघू शकशील, पण आग नको. मेणबत्ती वितळताना घे आणि उलटं चालव.

प्रश्न (कोल्हापूर) : आपल्याकडे मूकपटांत भुताखेतांचे चित्रपट झाले नाहीत का? आमच्या गावात एवढी मोठी महाराष्ट्र फिल्म कंपनी होती.

भयपट असा वेगळा प्रकार आपल्याकडे तेव्हा नव्हता. भय होतं ते पौराणिक चित्रपटांच्या पोटात. तुमच्याच गावच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आठवा. १९२० मध्ये तो पुण्यात आर्यन सिनेमात लागला. भीमानं केलेला कीचकाचा वध इतका खरा दाखवला होता की प्रेक्षकांत बायका भोवळ येऊन पडल्या, असं त्या काळच्या आठवणींत येतं. तो भाग पुढे कापायला लावला, असंही सांगतात. लोकमान्यांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटानंतर. आणि कीचक म्हणजे काय हे पुणेकरांना समजावून सांगायची गरज नव्हती. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारनं १९१० मध्ये बंदी घातली होती, कारण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. ज्यावर बंदी, तोच वध दहा वर्षांनी पडद्यावर, तोही मुंडकं उडताना! त्या अंधारात बसलेल्या माणसांना काय वाटलं असेल याची कल्पना करून बघा. मी पुष्कळदा करते.

'सैरंध्री' आज नाही. फाळक्यांचा 'मोहिनी भस्मासुर' नाही. त्यात दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले होत्या, आपल्या पडद्यावर आलेल्या पहिल्या स्त्रिया. (कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई.) स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होणारा असुर फाळक्यांनी कोणत्या युक्तीनं जाळला असेल? फाळके युक्त्यांचे बादशहा. हा चित्रपट जर्मन असता तर या प्रसंगावर ग्रंथ लिहिले गेले असते.

आपल्याकडचे मूकपट तेराशेच्या आसपास, उरले ते जेमतेम तीसेक, तेही बहुतेक तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र'ची चारांपैकी पहिली आणि शेवटची, अशी दोनच रिळं. कारणं तीच, वर आपलं ऊन आणि पावसाळा. प्रतीही मुळात मोजक्याच निघत आणि जत्रेपासून तंबूपर्यंत फिरून झिजून संपत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर पन्नास वर्षांनी. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, घराघरांत बसून, जे हाती लागेल ते आणलं. 'कालिया मर्दन' आज आपण बघतो, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, ते नायरसाहेबांमुळे. आणि एवढं जमवल्यावरही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला आग लागून मोठा साठा गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परगावच्या प्रतीचा न्याय आपल्यालाही लागू आहे. कलकत्त्याच्या १९१९ च्या 'बिल्वमंगल'चा जेमतेम अर्ध्या तासाचा भाग आला तो पॅरिसहून. निर्माते हिमांशू राय यांचे 'शिराझ'सारखे मूकपट धडधाकट आहेत, कारण ते युरोपच्या भागीदारीत झाले आणि प्रती तिकडे जपल्या गेल्या. 'सैरंध्री' कोल्हापूर-पुण्याच्या पलीकडे फार दूर गेला असता तर... असा विचार मनात येतोच.

प्रश्न (ठाणे) : सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करू? घरात दहा वर्षांची नात आहे.

नातीसोबत १९१० चा 'फ्रँकनस्टाइन'. पाव तासाच्या आत संपतो. ती झोपल्यावर 'नोस्फेराटू', पण रंगीत, संग्रहालयानं दुरुस्त केलेली आवृत्ती शोधूनच. मग 'डॉ. कॅलिगारी', तो मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून २०१४ मध्ये नव्यानं स्वच्छ केला आहे. रंगवलेल्या वाकड्या भिंतींवरचे ब्रशाचे फटकारेसुद्धा दिसतात. धीर असेल तर जपानी 'ए पेज ऑफ मॅडनेस', १९२६ चा, वेड्यांच्या इस्पितळातला. दिग्दर्शक किनुगासा यांना स्वतःलाच तो १९७१ मध्ये आपल्या घरच्या सामानात परत मिळाला.

प्रश्न (रत्नागिरी) : आजोबांचा टुरिंग टॉकीजचा धंदा होता. माळ्यावर गंजलेले पत्र्याचे डबे आहेत, काहींत फिल्म आहे. मुलगा म्हणतो भंगारात देऊ. काय करावं?

भंगारात देऊ नका. हात जोडून सांगते.

पहिली गोष्ट, ती फिल्म कुठल्याही प्रोजेक्टरवर चढवू नका आणि जळते का हे बघायला टोकाला काडी लावू नका. दुसरी, डबे स्वयंपाकघर, गॅस, देवघरातली समई आणि इन्व्हर्टर यांच्यापासून लांब, हवा खेळेल अशा सावलीच्या जागी खाली आणून ठेवा. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. एअरटाइट पिशवीत कोंबू नका, निघणारा वायू बाहेर जायला हवा.

झाकण अडलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका. सहज निघालं तर रुंदी बघा : साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोकं, म्हणजे ३५ मिलिमीटर. भोकांच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' छापलेलं असतं. याहून अरुंद फिल्म, १६ किंवा ८ मिलिमीटरची, बहुधा सेफ्टीच असते. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ती सेफ्टी फिल्म बिघडू लागली आहे, आग लागणार नाही, पण वेळ कमी आहे. चिकट लगदा किंवा तपकिरी भुकटी दिसली तर झाकण ठेवा, डबा हलवू नका आणि अग्निशमन दलाला कळवा.

नायट्रेट असेल तर कुरिअरनं, एसटीनं, रेल्वेनं कशानंही पाठवायचं नाही. पुण्याच्या संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला आधी लिहा, ने-आण कशी करायची ते तेच सांगतील. डब्यांसोबत हँडबिलं, हिशेबाच्या वह्या, सेन्सॉरचे कागद असतील तर तेही ठेवा. नाव नसलेलं रीळ पुष्कळदा अशा एखाद्या वहीतल्या नोंदीवरून ओळखू येतं. टुरिंगवाल्यांच्या प्रती म्हणजे परगावी गेलेल्याच प्रती, हे मुलाला सांगा.

आणि प्रत्येक डब्याचे फोटो काढा, झाकणाचे आणि तळाचेही. लेबल खरवडू नका, पुसूही नका. त्यावर जे लिहिलं आहे ते जसंच्या तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, मला पुढच्या पत्रात कळवा.